उष्टं

पणजीच्या दुकानात नवा रेग्युलेटर
काचेमागे, निळ्या दिव्याखाली,
फोमच्या खाचेत कुशीवर निजलेला.
बावन्न हजार. दोन वर्षांची वॉरंटी.
पोऱ्याने किंमत खालच्या आवाजात सांगितली,
डॉक्टर रिपोर्ट सांगतात तशी.
मी विचारलं, हा किती खोल गेलाय?
तो म्हणाला, मॅडम, नवा आहे.
म्हणजे कुठेच नाही.

बायणाला एव्हरिस्तो कार्दोझच्या गच्चीवर
कोकमाची सोलं वाळत होती,
आणि वरच्या दोरीवर वेटसूट,
गुडघे अजून वाकलेले,
जणू कुणी आतून नुकतंच उठून गेलंय.
कान गेला, तो म्हणाला. डावा.
चार मीटरला सुई घुसते.
इतकंच. मग सोलं उलटवत बसला.

नंतर एकेक दोष सांगू लागला,
स्थळ बघायला आलेल्यांना कुणी सांगणार नाही इतके:
नळी बदलून घे, वाकते तिथे भेगाळलीय.
जाकिटाचा खालचा व्हॉल्व्ह रेती धरतो.
आणि मास्क माझा घेऊ नको, बाय,
तोंड तुझं, मास्क तुझा.
मनगटावरच्या कम्प्युटरात शेवटची डुबकी अजून होती:
अठरा मीटर, एकेचाळीस मिनिटं,
दोन वर्षांपूर्वीचा कुठलासा मंगळवार.
मी पुसायचं बटण शोधत होते.
आसूं दी, तो म्हणाला.

जुनं ते सोनं, असं आमचे मामा म्हणत.
पण सोन्याला ओ-रिंग नसते.
सोन्याच्या भरवशावर कुणी
वीस मीटर खाली बसून मासे मोजत नाही.
म्हणून मी टॉर्च नेला होता.
फिल्टर हिरवा असेल तर आत खारं पाणी शिरलंय,
हे मला शिकवलेलं, मी ते वहीत लिहिलेलं
(शाळेत भूगोल शिकवते, वहीशिवाय विश्वास बसत नाही).
फिल्टर राखाडी निघाला.
तरी दोनदा बघितला.
एव्हरिस्तोला राग आला नाही,
उलट टॉर्च त्यानेच धरला.

आता टाकी बंदच ठेव, म्हणाला, आणि ओढ.
ओढलं.
गाल आत गेले, जीभ रबराला चिकटली,
खालून पाववाल्याचा भोंगा ऐकू आला,
हवा आली नाही.
येईना?
मी मान हलवली.
बरें, तो म्हणाला.
कुठे भोक नाही.
पहिल्यांदाच
न मिळालेल्या श्वासाबद्दल
कुणीतरी माझं अभिनंदन करत होतं.

रबरावरच्या दातांच्या खुणा त्यानंतर दिसल्या.
उजवीकडे खोल, डावीकडे जेमतेम,
तिकडची दाढ नसावी.
आमच्या घरी चहात बुडवलेला चमचा
परत साखरेत गेला तर सासूबाई बरणी पालथी करतात.
आणि मी एका परक्या माणसाचा चावा
तोंडात धरून उभी होते,
त्याच्याच गच्चीवर, भर दुपारी.

सतरा हजार ठरले, सर्व्हिसिंगचे सहा वेगळे.
नळीपायी पाचशे त्याने आपणहून सोडले.
पैसे मोजले नाहीत.
मासे साफ करायच्या सुरीने प्लॅस्टिकचा पट्टा कापला,
तोंडातलं रबर ओढून काढलं,
शर्टाच्या खिशात टाकलं.
हे दीडशे रुपयांना नवं मिळतं, म्हणाला.
तेवढं नवंच घे.

रात्री चिखलीच्या फ्लॅटवर
शेजारणीकडून मागून आणलेली टाकी जोडली,
बादलीत रेग्युलेटर बुडवला,
टाकी उघडली.
नळीच्या सांध्यापाशी एक बुडबुडा धरला,
वाढला, सुटला, वर आला.
सासूबाई दारातून म्हणाल्या, झालं का तुझं?
मी बादलीवर वाकून होते.
दुसरा येतो का बघत.